व्यायाम आणि हिरडीरोगाचे उपचारफल : उपलब्ध पुराव्यांची चिकित्सा
(परभणी जिल्ह्याच्या विशेष संदर्भात)

बीजसंज्ञा : हिरडीदाह, परिदंतदाह, व्यायाम, अंगमेहनत, मिश्री, मधुमेह, उपचारफल

प्रास्ताविक :

हिरड्यांतून रक्त येणे ही तक्रार मराठवाड्याच्या ग्रामीण भागात आजार म्हणून फारशी गणलीच जात नाही. दाढ ठणकू लागली तर दवाखाना गाठला जातो. मात्र हिरडी सुजली, चूळ भरताना रक्त दिसले तर मीठ-हळद, तुरटीचे पाणी, कडुनिंबाची काडी आणि पुष्कळदा मिश्री, एवढ्यावरच भागविले जाते. 'पायोरिया' हा जुना शब्द अजूनही लोकांच्या तोंडी आहे. दंतवैद्यकाच्या परिभाषेत सुरुवातीच्या अवस्थेला हिरडीदाह म्हणतात. दाह खोलवर जाऊन दाताला जबड्यात धरून ठेवणारे तंतू व हाड झिजू लागले की त्यास परिदंतदाह असे म्हटले जाते. हिरडीदाह योग्य स्वच्छतेने पूर्ण बरा होतो. परिदंतदाहात गेलेले हाड सहसा परत येत नाही. हा फरक पुढील सर्व विवेचनाच्या मुळाशी आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 साली प्रसिद्ध केलेल्या मौखिक आरोग्यविषयक अहवालानुसार जगातील सुमारे 19 टक्के प्रौढांना या आजाराचे तीव्र स्वरूप जडलेले असून रुग्णांची संख्या 100 कोटींहून अधिक आहे.

गेल्या दोन दशकांत या आजाराच्या चर्चेत व्यायामाचा उल्लेख वारंवार होऊ लागला आहे. वृत्तपत्रांच्या आरोग्यविषयक पुरवण्या, शारीरिक शिक्षणाची व्याख्याने, क्वचित दवाखान्यातील भित्तिपत्रके यांतून 'नियमित व्यायाम करणाऱ्यांच्या हिरड्या निरोगी राहतात' असे सांगितले जाते. त्यापुढे एक पाऊल टाकून 'व्यायामाने हिरड्यांच्या उपचाराला अधिक यश येते' असेही विधान केले जाते. ही दोन विधाने वरवर एकच वाटतात. परंतु ती एक नव्हेत. पहिले विधान आजार होण्याच्या शक्यतेविषयी आहे, तर दुसरे आजार झाल्यानंतर केलेल्या उपचाराच्या फलाविषयी. एकाचा पुरावा दुसऱ्याच्या खात्यावर जमा करण्याची जी सवय या विषयावरील लेखनात रूढ झाली आहे, तिची चिकित्सा प्रस्तुत निबंधात करण्यात आली आहे. ज्या लोकसमूहांवर मूळ संशोधन झाले ते समूह आणि परभणी जिल्ह्यातील शेतमजूर, ऊसतोड कामगार, शेतकरी स्त्रिया यांच्या जीवनमानात असलेले अंतर हा या चिकित्सेचा दुसरा धागा होय.

परंपरेतील शेजार :

व्यायाम आणि दात यांची सांगड नवी नाही, असे आपल्याकडे अभिमानाने सांगितले जाते. त्यात तथ्य आहे, पण ते मर्यादित आहे. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानातील चोविसाव्या अध्यायात दंतधावन, अभ्यंग, व्यायाम यांचा विचार एकाच दिनचर्येत केलेला आहे. वाग्भटाच्या अष्टांगहृदयातही दिनचर्येच्या अध्यायात दंतधावन आधी येते आणि व्यायाम नंतर. सुश्रुताने निदानस्थानात दंतमूलाच्या पंधरा रोगांचे वर्णन केले असून त्यांतील शीताद, दंतवेष्टक, उपकुश यांची लक्षणे आजच्या हिरडीरोगाशी बरीच जुळतात. रक्त येणे, हिरडी कुजणे, दात हलणे या अवस्था त्या ग्रंथकाराने बारकाईने पाहिल्या होत्या, यात शंका नाही.

तथापि या दोन गोष्टी शेजारी शेजारी येतात म्हणून त्यांच्यात कार्यकारणसंबंध मानला गेला होता असे म्हणता येत नाही. दंतमूलरोगांच्या चिकित्सेत सुश्रुत रक्तमोक्षण, लेप, गंडूष, कवल यांचा विचार करतो. व्यायामास तेथे स्थान नाही. व्यायामाचा औषधासारखा वापर त्याने सांगितला आहे तो प्रमेहाच्या संदर्भात. निर्धन प्रमेही रुग्णाने दूरवर पायी चालावे, विहीर खणावी, असा उपदेश चिकित्सास्थानात आढळतो. परंपरेचा आधार द्यायचाच असेल तर तो येथे शोधावा लागेल, कारण प्रमेह आणि हिरडी यांचा संबंध आधुनिक वैद्यकाने चांगल्या प्रकारे प्रस्थापित केलेला आहे. हा मुद्दा पुढे येईल.

विसाव्या शतकातील मराठी व्यायामवाङ्मयाने ही सरमिसळ आणखी वाढविली. औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराचा जो प्रसार केला, त्याचे ऋण महाराष्ट्रातील प्रत्येक शाळेवर आहे. संस्थानातील शाळांमध्ये त्यांनी नमस्कार सुरू केले, पुस्तके लिहिली, आणि 1938 साली लुईझ मॉर्गन यांच्या संपादनाने लंडनमधून त्यांचे विचार इंग्रजी वाचकांपर्यंत पोहोचले. बडोद्याहून दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी संपादित केलेल्या व्यायाम ज्ञानकोशाच्या खंडांनी तर या विषयाला कोशाची प्रतिष्ठा मिळवून दिली. या वाङ्मयाची प्रेरणा राष्ट्रीय होती. दुबळा समाज बलवान व्हावा, ही तळमळ त्यामागे होती. तळमळीच्या लेखनात व्यायाम हा सर्वच व्याधींवरील उपाय ठरतो आणि 'आरोग्य' या एका शब्दात डोळ्यांपासून दातांपर्यंत सगळे सामावून घेतले जाते. आजही महाविद्यालयीन पातळीवरील पुष्कळ लेखन हाच सूर लावते. त्यात 1938 नंतर काही घडलेच नाही असे वाटावे, इतका तो सूर जुना आहे.

मोजमापाचा काळ :

प्रत्यक्ष मोजमापावर आधारित अभ्यासांत 2003 साली प्रसिद्ध झालेल्या मर्चंट आणि सहकाऱ्यांच्या अमेरिकन अभ्यासाचा उल्लेख सर्वाधिक होतो. सुरुवातीला परिदंतदाह नसलेल्या 39 हजारांहून अधिक पुरुषांचा अनेक वर्षे पाठपुरावा करून, सर्वांत जास्त शारीरिक हालचाल करणाऱ्या गटात आजाराची शक्यता सर्वांत कमी हालचाल करणाऱ्या गटापेक्षा 13 टक्क्यांनी कमी आढळली, असा त्याचा निष्कर्ष होता. 2005 साली अल-झहरानी आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीतील माहिती वापरून योग्य वजन, पुरेसा व्यायाम व चांगला आहार या तिन्ही सवयी असणाऱ्यांत परिदंतदाहाचे प्रमाण या सवयी नसणाऱ्यांपेक्षा 40 टक्क्यांनी कमी असल्याचे दाखविले.

हे दोन्ही अभ्यास गंभीर आहेत. प्रश्न आहे तो त्यांच्या वाचनाचा. 13 टक्के हा फरक फार मोठा नाही. शिवाय पहिल्या अभ्यासातील पुरुष कोण होते, हे आपल्याकडील लेखनात कोठेही सांगितले जात नाही. ते 1986 साली सुरू झालेल्या आरोग्य-व्यावसायिकांच्या पाहणीतील सभासद होते आणि त्यांतील निम्म्याहून अधिक जण स्वतः दंतवैद्य होते. उरलेल्यांत पशुवैद्य, औषधनिर्माते, नेत्रतज्ज्ञ यांचा समावेश होता. ज्यांच्या हातात दिवसभर दातांचीच हत्यारे असतात, अशा सुस्थित अमेरिकन पुरुषांच्या हिरड्यांवरून पालम तालुक्यातील ऊसतोड मजुराच्या हिरड्यांविषयी निष्कर्ष काढणे हे धाडसच म्हणावे लागेल. आणखी असे की, आजार झाला की नाही हे त्या पाहणीत सभासदांनी प्रश्नावलीत दिलेल्या उत्तरावरून ठरविले गेले. दंतवैद्यांच्या बाबतीत अशा उत्तरावर विश्वास ठेवता येतो. सर्वसामान्य लोकसमूहात तीच पद्धत वापरली तर काय हाती लागेल, हे हिरडीतून येणाऱ्या रक्ताला आजारच न समजणाऱ्या गावात सहज कळते.

दुसऱ्या अभ्यासात तीन सवयी एकत्र मोजल्या आहेत. 40 टक्क्यांपैकी व्यायामाचा वाटा किती, हे त्या आकड्यातून सांगता येत नाही. तरीही तो आकडा केवळ व्यायामाच्या नावे उद्धृत केलेला दिसतो. नियमित व्यायाम करणारा माणूस बहुधा दात घासण्यातही नियमित असतो, तंबाखूपासून दूर असतो, शिकलेला असतो, वर्षातून एकदा दंतवैद्याकडे जाण्याइतका पैसा व वेळ त्याच्याकडे असतो. संख्याशास्त्रीय पद्धतीने यांतील काही घटक वेगळे काढता येतात. सगळे काढता येत नाहीत.

उलट दिशेचा एक पुरावा या चर्चेत हेतुपुरस्सर आणला पाहिजे. 2012 च्या लंडन ऑलिंपिकच्या वेळी नीडलमन आणि सहकाऱ्यांनी 302 खेळाडूंच्या तोंडाची तपासणी केली. त्यांपैकी 55 टक्के खेळाडूंचे दात किडलेले होते, 76 टक्क्यांना हिरडीदाह होता आणि 15 टक्क्यांना परिदंतदाह होता. जगातील सर्वाधिक व्यायाम करणाऱ्या तरुणांची ही अवस्था. अर्थात तपासणीसाठी आलेल्या खेळाडूंत तक्रारी असणाऱ्यांचे प्रमाण अधिक असणे शक्य आहे. साखरयुक्त पेये, सरावाच्या काळात तोंडाला पडणारी कोरड, दंतवैद्याकडे जाण्यास न मिळणारी सवड ही कारणेही सांगितली जातात. परंतु मुद्दा स्पष्ट आहे : दातावर कीटण साचू दिले तर पायांतील बळ हिरडीच्या मदतीला धावून जात नाही.

उपचारफल म्हणजे नेमके काय? :

परिदंतदाहाचा पाया असलेला उपचार म्हणजे दातांवरील व हिरडीखालील कीटण काढून मुळाचा पृष्ठभाग स्वच्छ करणे. 'दात साफ केले की दात हलू लागतात' हा समज आपल्याकडे दृढ आहे. वास्तविक कीटणाने धरून ठेवलेले, पण आधीच हाड गेलेले दात कीटण निघाल्यावर उघडे पडतात, एवढेच. या उपचारानंतर साधारणतः तीन महिन्यांनी फेरतपासणी होते. निरोगी हिरडी आणि दात यांमधील फट 1 ते 3 मिलिमीटर असते. आजारात ती खोल होते. फेरतपासणीत ही खोली किती कमी झाली आणि सळई फिरविताना रक्त येते की नाही, यावर उपचाराचे फल ठरते.

म्हणजे व्यायामाने उपचारफल सुधारते असे म्हणण्यासाठी एकाच प्रकारच्या रुग्णांना एकच उपचार देऊन, त्यांतील निम्म्यांना व्यायामाची जोड देऊन, तीन किंवा सहा महिन्यांनी ही दोन मापे ताडून पाहिली पाहिजेत. असा पुरावा अत्यंत तुटपुंजा आहे. जपानमधून 2018 साली प्रसिद्ध झालेला ओमोरी आणि सहकाऱ्यांचा अभ्यास या दिशेने सर्वांत जवळचा. स्थूल पुरुषांच्या एका गटाला बारा आठवडे व्यायाम, तर दुसऱ्याला आहारनियंत्रण देण्यात आले आणि व्यायामाच्या गटात हिरड्यांची स्थिती सुधारली. निष्कर्ष आशादायक आहे, परंतु संख्या लहान आणि समूह केवळ स्थूल पुरुषांचा. शिवाय तेथे तपासले गेले ते व्यायामाचे स्वतंत्र फल. दंतोपचाराला व्यायामाची जोड दिल्यास काय होते, हा प्रश्न तसाच राहिला. भारतात योगाभ्यास, मानसिक ताण व परिदंतदाह यांचा संबंध तपासणारा सुधांशू आणि सहकाऱ्यांचा प्रयत्न 2017 साली प्रसिद्ध झाला. योगाभ्यासाची जोड दिलेल्या रुग्णांकडे पाहण्याची दृष्टी त्यात आहे, हे त्याचे महत्त्व. पण अशा प्रयोगात योगवर्गाला नियमित येणारा रुग्ण घरी दातही अधिक काळजीने घासू लागतो काय, हे ओळखणे अवघड असते.

या पार्श्वभूमीवर युरोपियन परिदंतवैद्यक महासंघाने 2020 साली जाहीर केलेली उपचार-मार्गदर्शिका वाचण्यासारखी आहे. रुग्णाने तंबाखूचे धूम्रपान सोडावे व मधुमेह नियंत्रणात ठेवावा, यासाठीच्या प्रयत्नांची ती निःसंदिग्ध शिफारस करते. व्यायामाविषयी मात्र, त्याच्या वाढीचा उपचारावर चांगला परिणाम होतो किंवा नाही हे ज्ञात नाही, असे ती सरळ सांगून मोकळी होते. तज्ज्ञांच्या समितीने इतक्या उघडपणे अज्ञान मान्य करावे, ही गोष्ट आपल्याकडील ठाम विधानांच्या शेजारी ठेवून पाहावी. 'पुरावा नाही' याचा अर्थ 'परिणाम नाही' असा होत नाही, हेही तितकेच खरे. नियमित मध्यम व्यायामाने शरीरातील दाहदर्शक द्रव्ये कमी होतात, स्नायूंतून स्रवणारे काही पदार्थ दाहाला आवर घालतात, हे अन्य आजारांच्या संदर्भात दिसून आले आहे, आणि परिदंतदाह हा मूलतः दाहाचाच आजार आहे. तर्क बळकट आहे. तर्क बळकट असणे आणि रुग्णाच्या तोंडात फट एका मिलिमीटरने कमी होणे, यांत मात्र अंतर आहे.

श्रम आणि व्यायाम :

परभणी जिल्ह्याच्या संदर्भात सर्वांत अडचणीचा प्रश्न येथे उभा राहतो. वरील सर्व अभ्यासांत 'शारीरिक हालचाल' म्हणजे मुख्यतः फुरसतीच्या वेळची हालचाल : धावणे, पोहणे, सायकल, टेनिस. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 साली प्रौढांसाठी आठवड्याला 150 ते 300 मिनिटे मध्यम हालचालीची शिफारस केली. कापूस वेचणारी, सोयाबीन काढणारी, खुरपणीला जाणारी स्त्री इतकी मिनिटे एका दिवसातच पूर्ण करते. गंगाखेड-पालम भागातील बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातून ऊसतोडीला जाणारी जोडपी पहाटेपासून फडात वाकलेली असतात. मोळी डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवर चढतात. मेहनतीने हिरड्या सुधारत असत्या तर या माणसांच्या हिरड्या आदर्श असायला हव्या होत्या.

डेन्मार्कमधील संशोधकांनी हृदयविकाराच्या बाबतीत या विसंगतीकडे लक्ष वेधले आहे. फुरसतीच्या हालचालीचा लाभ दिसतो. पोटासाठी करावी लागणारी जड मेहनत तसा लाभ देत नाही, कधी कधी अपायच करते. विश्रांतीशिवायचे दीर्घ श्रम, अपुरे पोषण, कामाची गती स्वतःच्या हाती नसणे ही त्याची कारणे मानली जातात. आयुर्वेदाने व्यायाम अर्ध्या शक्तीनेच करावा असे बजावले आहे. ऊसतोड कामगाराला अर्ध्या शक्तीची मुभा नसते. हिरडीरोगाच्या संशोधनात हा भेद अद्याप पुरेशा गांभीर्याने केला गेलेला नाही, आणि तो केल्याशिवाय 'व्यायाम करा' हा सल्ला या जिल्ह्यातील मोठ्या वर्गाच्या बाबतीत निरर्थक, किंबहुना काहीसा क्रूर ठरतो.

विशेष म्हणजे श्रमाचे शास्त्रीय मोजमाप परभणीला नवे नाही. 1972 साली स्थापन झालेल्या, आज वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या विद्यापीठाच्या गृहविज्ञान, म्हणजे आताच्या सामुदायिक विज्ञान महाविद्यालयात शेतकरी स्त्रियांचे काबाडकष्ट कमी करणाऱ्या साधनांवर दीर्घकाळ संशोधन झाले आहे. परभणी शहरात सरस्वती धन्वंतरी दंत महाविद्यालयही आहे. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' ही म्हण थट्टेने वापरली जाते. पण श्रम मोजण्याची परंपरा आणि हिरड्या तपासणारी संस्था एकाच शहरात असणे, ही सोय फार थोड्या जिल्ह्यांच्या वाट्याला येते.

मिश्रीचा प्रश्न :

तंबाखू भाजून, कुटून केलेली मिश्री हा व्यसनाचा आणि दंतमंजनाचा असा दुहेरी पदार्थ आहे, आणि त्यामुळेच तो अधिक घातक आहे. दात घासण्यासाठी म्हणून घरातील वडीलधाऱ्या स्त्रीकडून तो मुलीकडे येतो. दिवसातून एकदा लावली जाणारी मिश्री तीनदा, चारदा लावली जाऊ लागते. हिरडी दुखते म्हणून मिश्री लावायची आणि मिश्रीने हिरडी मागे सरकत जायची, असे हे चक्र आहे. 2016-17 च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील 24.4 टक्के प्रौढ धूररहित तंबाखूचे सेवन करतात, तर धूम्रपान करणाऱ्यांचे प्रमाण केवळ 3.8 टक्के आहे. गुटख्यावर राज्यात 2012 पासून बंदी आहे. मिश्री मात्र घरच्या तव्यावर भाजली जाते, तिला बंदी कोठून लागणार?

आता यास परदेशी चौकटीशी ताडून पाहावे. 2017 च्या जागतिक परिषदेतून आलेल्या आणि 2018 साली प्रसिद्ध झालेल्या परिदंतदाहाच्या नव्या वर्गीकरणात आजार किती वेगाने वाढेल हे ठरविताना दोन जोखमींचा समावेश आहे : दिवसाला किती सिगारेटी ओढल्या जातात आणि मधुमेह किती नियंत्रणात आहे. सिगारेट न ओढणारी, पण तीस वर्षे मिश्री लावणारी जिंतूर तालुक्यातील स्त्री या चौकटीत 'तंबाखू न वापरणारी' म्हणून नोंदली जाण्याची शक्यता आहे. व्यायाम आणि हिरडी यांवर येथे उद्या एखादा अभ्यास झाला आणि त्यात प्रश्नावली जशीच्या तशी भाषांतरित करून वापरली गेली, तर कष्ट करणाऱ्या स्त्रियांच्या हिरड्या अधिक खराब आढळतील आणि दोष मिश्रीऐवजी श्रमाच्या माथी मारला जाईल. शहरी, न कष्टणाऱ्या आणि मिश्री न लावणाऱ्या गटाशी तुलना केल्यास हीच चूक व्यायामशाळेच्या बाजूने होईल. दोन्ही निष्कर्ष आकडेवारीने सिद्ध झाल्यासारखे दिसतील.

मधुमेहाची वाट :

व्यायामाचा हिरडीच्या उपचाराशी सर्वांत विश्वसनीय संबंध जोडायचा असेल तर तो मधुमेहाच्या वाटेने जोडता येतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि 2023 साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार भारतातील मधुमेहींची संख्या सुमारे 10 कोटी 10 लाख आहे. अनियंत्रित मधुमेहात हिरडीरोग बळावतो, जखम भरण्यास वेळ लागतो. उलट दिशेनेही परिणाम होतो. 2022 च्या कॉक्रेन समीक्षेत हिरडीच्या उपचारानंतर तीन-चार महिन्यांनी रक्तशर्करेच्या तिमाही सरासरीचा निर्देशांक 0.43 टक्क्याने उतरल्याचे दिसते. एंजब्रेटसन आणि सहकाऱ्यांच्या 2013 च्या, 514 रुग्णांवरील प्रयोगात असा लाभ आढळला नव्हता, हेही नोंदविले पाहिजे. एका बाजूचाच पुरावा देणे हा या क्षेत्रातील जुना दोष आहे.

व्यायामाने हाच निर्देशांक उतरतो, हे अधिक भक्कम आहे. उम्पिएर्रे आणि सहकाऱ्यांनी 2011 साली साडेआठ हजार रुग्णांचा समावेश असलेल्या प्रयोगांचे जे एकत्रित विश्लेषण केले, त्यात नियोजित व देखरेखीखालील व्यायामाने सरासरी 0.67 टक्क्याची घट दिसली. त्याच विश्लेषणातील दुसरा निष्कर्ष मात्र क्वचितच उद्धृत होतो. आहाराच्या मार्गदर्शनाविना, केवळ 'हालचाल वाढवा' असा सल्ला दिलेल्या रुग्णांत अशी घट आढळली नाही. बाह्यरुग्ण विभागात चिठ्ठीच्या तळाशी लिहिलेले 'रोज चालणे' हे दोन शब्द म्हणजे उपचार नव्हे, एवढा याचा अर्थ. कोणी चालायचे, केव्हा, कोणत्या रस्त्याने, कोणाच्या सोबतीने आणि ते चालले की नाही हे कोण पाहणार, याची व्यवस्था नसेल तर तो सल्ला लिहिणाऱ्याच्या समाधानापुरता उरतो. परभणीच्या उन्हाळ्यात सकाळी नऊनंतर चालणे कठीण होते, आणि ग्रामीण स्त्रीने 'फिरायला' म्हणून घराबाहेर पडणे अजूनही अनेक गावांत टीकेचा विषय होतो, या गोष्टी परदेशी नियमावलीत असण्याचे कारण नाही. येथील वैद्यकाला मात्र त्या माहीत असतात.

त्यामुळे रुग्णारुग्णांत भेद करावा लागेल. शहरातील बैठे काम करणारा, वजन वाढलेला, मधुमेह जडलेला शिक्षक किंवा व्यापारी आणि फडात राबणारा कामगार यांना एकच सल्ला देता येत नाही. पहिल्याला कीटण काढण्याच्या उपचाराबरोबर नियोजित व्यायाम सुचविण्यास वाजवी आधार आहे, जरी तो आधार मधुमेहामार्गे येणारा असला तरी. दुसऱ्याला अधिक हालचालीची गरज नाही. त्याला हवी आहे हंगामावर निघण्यापूर्वी, म्हणजे दसरा-दिवाळीच्या सुमारास होणारी तपासणी व सफाई, मऊ ब्रश, मिश्री-तंबाखू सोडण्यास मदत आणि हंगाम संपवून परतल्यावरची फेरतपासणी. तीन महिन्यांनी फेरतपासणी हा नियम पाच-सहा महिने कारखान्याच्या तळावर राहणाऱ्या माणसाला लागू करायचा कसा, याचे उत्तर कोणत्याही मार्गदर्शिकेत नाही.

या जिल्ह्यात प्रत्यक्ष अभ्यास व्हायचा असेल तर त्याची रूपरेषा फार गुंतागुंतीची असण्याचे कारण नाही. मध्यम स्वरूपाचा परिदंतदाह व मधुमेह असलेले, बैठे काम करणारे प्रौढ निवडावेत. सर्वांना समान दंतोपचार व दात घासण्याचे समान शिक्षण द्यावे. चिठ्ठ्या टाकून निम्म्यांना आठवड्यातून पाच दिवस देखरेखीखाली अर्धा तास चालविण्यात यावे. उरलेल्यांना तितकाच वेळ, तितक्याच वेळा एकत्र बोलावून आरोग्यविषयक माहिती द्यावी, म्हणजे केवळ लक्ष पुरविल्याने होणारा परिणाम दोन्ही गटांत सारखा राहील. हिरड्यांची मापे घेणाऱ्यास रुग्ण कोणत्या गटातील आहे हे कळू नये. मिश्री, गुटखा, खैनी, पान यांची नोंद सिगारेटीपासून स्वतंत्र ठेवावी, आणि स्त्रियांना हा प्रश्न स्त्रीनेच, सासू समोर नसताना विचारावा. शेतकरी स्त्रियांचा गट समाविष्ट करायचा झाल्यास त्यांच्या श्रमाचे मोजमाप कृषी विद्यापीठातील अनुभवाच्या आधारे वेगळे करता येईल. नांगरटीच्या व कापूस वेचणीच्या काळात घेतलेली मापे एकमेकांशी ताडू नयेत. परभणी शक्तीसारखे लोह व जस्तयुक्त ज्वारीचे वाण 2018 साली याच विद्यापीठाने दिले. त्या ज्वारीची भाकरी चावता येते की दुधात किंवा वरणात कुस्करून खावी लागते, हा साधा प्रश्नही फेरतपासणीच्या तक्त्यात, फटीच्या खोलीशेजारी, एका रकान्यात घालता येण्याजोगा आहे.